पाहुण्यांचे घर

इटलीच्या उत्तर भागात पो नावाची मोठी नदी वाहते. तिच्या दक्षिणेकडील सपाट मैदानात बुसेतो हे लहानसे शहर आहे, आणि तेथून सुमारे पाच किलोमीटरवर रोंकोले नावाचे खेडे आहे. हिवाळ्यात येथे इतके दाट धुके पडते की, समोरचे झाडदेखील दिसू नये. ह्या खेड्यात १० ऑक्टोबर १८१३ रोजी जुझेप्पे वेर्दीचा जन्म झाला. त्याचा बाप कार्लो वाटसरूंसाठी एक लहानशी खाणावळ व किराणा मालाचे दुकान चालवीत असे. आई सूत कातून संसाराला हातभार लावी. तो मुलूख त्या वेळी फ्रेंचांच्या अमलाखाली होता. त्यामुळे पुढे साऱ्या इटलीच्या गळ्यातील ताईत झालेल्या ह्या मुलाच्या जन्माची नोंद फ्रेंच भाषेत झाली!

मुलाला लहानपणापासून सुरांचे वेड होते. ते पाहून बापाने त्याला एक जुने स्पिनेट विकत घेऊन दिले. स्पिनेट म्हणजे आपल्या बाजाच्या पेटीसारख्या पट्ट्या असलेले, परंतु भात्याऐवजी तारांवर वाजणारे वाद्य. ते बरेच मोडकळीस आलेले होते. काव्हालेत्ती नावाच्या एका कारागिराने ते नीट करून दिले आणि मजुरीचा पैसाही घेतला नाही. उलट वाद्याच्या आत त्याने आपल्या हाताने लिहून ठेवले की, ह्या मुलाची शिकण्याची ओढ पाहिली, तेवढ्यानेच आपले दाम आपल्याला पोचले. ही गोष्ट १८२१ सालची. मुलगा तेव्हा सात-आठ वर्षांचा होता. ते स्पिनेट वेर्दीने पुढे जन्मभर जपून ठेवले. एका गरीब कारागिराने कोणाच्याही आभाराची अपेक्षा न करता, झाकणाच्या आत, कोणाला सहजासहजी दिसणार नाही अशा ठिकाणी लिहिलेल्या त्या चार ओळी ह्या मुलाच्या मनावर किती खोल कोरल्या गेल्या असतील, हे त्याचे पुढील आयुष्य पाहिले म्हणजे कळते.

गावच्या चर्चमध्ये एक वृद्ध गृहस्थ ऑर्गन वाजवीत असत. त्यांच्यापाशी तो शिकला, आणि त्यांच्या पश्चात ते काम त्याच्याकडेच आले. शाळेसाठी तो बुसेतोला राही. रविवारी आणि सणावारी पायी रोंकोलेला येऊन ऑर्गन वाजवी. एका हिवाळ्यात पहाटेच्या काळोखात तो वाटेतल्या पाण्याने भरलेल्या चरात पडला, आणि त्याच्या हाका ऐकून एका शेतकरी बाईने त्याला वर काढले, असे सांगतात. बुसेतोत आन्तोनियो बारेत्सी नावाचा एक सधन व्यापारी होता. त्याला संगीताचा मोठा नाद. त्याने ह्या हुशार मुलाला आपल्या घरी ठेवून घेतले, त्याच्या शिक्षणाचा भार उचलला, आणि १८३२ साली त्याला मिलान शहरातील प्रसिद्ध संगीत विद्यालयात प्रवेशासाठी पाठविले.

विद्यालयाने त्याला घेतले नाही! त्याचे वय अठरा होते आणि प्रवेशाची मर्यादा त्याहून पुष्कळ कमी होती; तो पार्मा संस्थानचा रहिवासी असल्यामुळे मिलानमध्ये परका ठरला; शिवाय पियानोवर हात ठेवण्याची त्याची ढब परीक्षकांना सदोष वाटली. नियमाप्रमाणे पाहिले तर परीक्षकांचे फारसे चुकले असे म्हणता येत नाही. परंतु अठरा वर्षांच्या मुलाला नियम कळत नाहीत, नकार तेवढा कळतो. बारेत्सीने धीर दिला, खर्च चालूच ठेवला, आणि वेर्दी मिलानमध्येच एका गुरूपाशी खाजगी रीतीने शिकला.

वेर्दीने पुढे जे रचले, त्याला ऑपेरा असे म्हणतात. हा संगीत नाटकाचाच एक प्रकार आहे. मात्र आपल्या संगीत नाटकांत पात्रे बोलता बोलता मध्येच पद म्हणू लागतात, तर ऑपेरात बहुधा आरंभापासून शेवटपर्यंत सगळे संवाद गाऊनच होतात. साथीला साठ-सत्तर वादकांचा वृंद असतो, आणि नायक-नायिकांच्या मागे सामुदायिक गायन करणारा मोठा मेळा असतो. हे सारे संगीत एका माणसाला आधी कागदावर उतरवावे लागते. त्या काळी इटलीत ऑपेराचे वेड घरोघर होते. नव्या ऑपेरातील चाली दुसऱ्या दिवशी रस्त्यावरची मुले गुणगुणत. आणि ऑपेरा पडला, तर प्रेक्षक शिट्ट्या मारून नाट्यगृह डोक्यावर घेत.

१८३६ साली बारेत्सीची कन्या मार्गेरिता हिच्याशी वेर्दीचा विवाह झाला. त्यांना एक मुलगी व एक मुलगा झाला. वेर्दीचा पहिला ऑपेरा १८३९ साली मिलानच्या ला स्काला ह्या विख्यात नाट्यगृहात झाला आणि बरा चालला. परंतु त्याच सुमारास त्याच्या घरावर कुऱ्हाड कोसळली. मुलगी १८३८ च्या ऑगस्टमध्ये गेली, मुलगा पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये गेला, आणि १८ जून १८४० रोजी मार्गेरिताही गेली. दोन वर्षांच्या आत भरलेले घर रिकामे झाले. वेर्दी त्या वेळी सव्वीस वर्षांचा होता. आणि करार झालेला असल्यामुळे ह्याच काळात त्याला लिहावा लागत होता तो एक विनोदी ऑपेरा! सप्टेंबरमध्ये तो रंगभूमीवर आला. प्रेक्षकांनी शिट्ट्यांनी त्याचे स्वागत केले. दुसरा प्रयोग झालाच नाही.

ह्या रात्रीची जखम वेर्दी कधी विसरला नाही. एकोणीस वर्षांनी, तो कीर्तीच्या शिखरावर असताना, त्याने आपल्या प्रकाशकाला लिहिलेल्या पत्रात ती उघडी केली. त्या दुःखी तरुणाचे काम त्या दिवशी लोकांनी नुसते निमूटपणे सहन केले असते, तरी त्यांचे उपकार मानायला आपल्याला शब्द पुरले नसते, असे त्याने लिहिले. आणि पुढे म्हटले की, प्रेक्षकांच्या शिट्ट्या आपल्याला मान्य आहेत. अट इतकीच की, टाळ्यांबद्दल त्यांनी आपल्याकडून कृतज्ञतेची अपेक्षा करू नये. ह्या वाक्यात कडवटपणा आहे खरा. परंतु त्यातच त्याच्या पुढील वर्तनाची किल्लीही आहे. टाळ्या येतात आणि जातात, शिट्ट्याही तशाच येतात आणि जातात. ह्या दोहोंवर आपला जीव टांगून ठेवायचा नाही, हे त्याने त्या वर्षी मनाशी ठरविले असले पाहिजे.

आता आपण काही लिहिणार नाही, असा त्याचा निश्चय झाला होता. तेव्हा ला स्कालाच्या व्यवस्थापकाने एका ऑपेराचे काव्य जवळजवळ जबरदस्तीने त्याच्या हाती कोंबले. घरी आल्यावर वेर्दीने ते चोपडे टेबलावर फेकले. ते मधेच उघडले, आणि परदेशी बंदिवासात पडलेले लोक आपल्या मायभूमीची आठवण काढीत आहेत, ते पान समोर आले. ही हकीकत वेर्दीनेच उतारवयात सांगितलेली आहे. ९ मार्च १८४२ रोजी "नाबुको" हा ऑपेरा रंगभूमीवर आला, आणि एका रात्रीत वेर्दीचे नाव मिलानभर झाले. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत त्याचे पन्नासाहून अधिक प्रयोग झाले. त्याच्या नावाने टोप्या आणि गळपट्टे विकले जाऊ लागले. ते यश पाहायला घरी मात्र कोणी उरले नव्हते.

पुढील दहा-बारा वर्षे त्याने बैलासारखे काम केले. त्या वर्षांना तो स्वतः सक्तमजुरीची वर्षे म्हणत असे. १८५१ साली "रिगोलेत्तो", १८५३ साली "इल त्रोव्हातोरे" आणि "ला त्राव्हियाता" असे एकाहून एक सरस ऑपेरा त्याने दिले. ह्यांतील "ला त्राव्हियाता"चा पहिला प्रयोग व्हेनिसमध्ये सपशेल पडला. दुसऱ्या दिवशी वेर्दीने मित्रांना दोन-तीन ओळींची पत्रे लिहिली: काल रात्री फजिती झाली, दोष आपला की गाणाऱ्यांचा, हे काळ ठरवील. त्याने कोणावर आग पाखडली नाही की कोणापुढे रडगाणे गाइले नाही. काही दुरुस्त्या करून चौदा महिन्यांनी त्याच शहरातील दुसऱ्या नाट्यगृहात तो ऑपेरा पुन्हा केला, तेव्हा त्याच व्हेनिसच्या लोकांनी तो डोक्यावर घेतला.

इटली त्या वेळी लहान लहान राज्यांत विभागलेली होती आणि तिचा बराच भाग परकीयांच्या सत्तेखाली होता. १८५९ च्या सुमारास लोक भिंतींवर "वेर्दी चिरायू होवो" असे लिहू लागले. व्हित्तोरियो एमानुएले ह्या राजाला सर्व इटलीचा राजा करावे, अशी देशभक्तांची इच्छा होती; आणि गंमत अशी की, "इटलीचा राजा व्हित्तोरियो एमानुएले" ह्या इटालियन शब्दांची आद्याक्षरे ओळीने मांडली की वेर्दी हे नाव तयार होते! त्यामुळे परकीय शिपायांना ते संगीतकाराचे कौतुक वाटे, आणि लोकांना त्याचा खरा अर्थ ठाऊक असे. देश एक झाल्यावर १८६१ साली मुत्सद्दी कावूर ह्याच्या आग्रहावरून वेर्दी पहिल्या लोकसभेत निवडून गेला. राजकारण आपले काम नव्हे, हे त्याला पक्के ठाऊक होते, आणि चार वर्षांनी त्याने ते सोडले.

इतकी कीर्ती मिळाल्यावर माणसाने राजधानीत वाडा बांधावा, रोज दरबार भरवावा, असे कोणालाही वाटेल. वेर्दीने बुसेतोजवळच्या सांत'आगाता ह्या खेड्यात शेती विकत घेतली आणि १८५१ पासून तो तेथे राहू लागला. त्याने झाडे लावली, पाणी खेळविले, नवी अवजारे आणली, जनावरांच्या बाजाराला तो जातीने जाई. कोणी त्याच्या कलेची स्तुती करू लागला, तर आपण रोंकोलेचे शेतकरी आहोत, असे म्हणून तो विषय तोडी. त्याच्या भागात जेव्हा शेतीला वाईट दिवस आले आणि मजूर पोटासाठी देश सोडून जाऊ लागले, तेव्हा त्याने नवी शेतघरे बांधायला काढली, जमिनी सुधारायला घेतल्या, म्हणजे हातांना काम राहावे. आपल्या गावातून लोक परदेशी जात नाहीत, हे त्याने एका मित्राला अभिमानाने कळविले होते. आपल्या ऑपेरांविषयी इतक्या अभिमानाने त्याने क्वचितच लिहिले असेल.

पैशाच्या व्यवहारात मात्र तो भोळा नव्हता. करार तो बारकाईने वाची आणि ठरलेली रक्कम पै न् पै वसूल करी. "आयदा" ह्या ऑपेरासाठी इजिप्तच्या खेदिवाने त्याला दीड लाख फ्रँक दिले. ही त्या काळी फार मोठी रक्कम होती. २४ डिसेंबर १८७१ रोजी कैरो येथे त्याचा पहिला प्रयोग व्हायचा होता. त्या आधी वृत्तपत्रांत इतका गाजावाजा सुरू झाला की, वेर्दीला त्याचा वीट आला. प्रयोगाचे वर्णन लिहिण्यासाठी आपण कैरोला जात आहोत, असे एका नामवंत टीकाकाराने त्याला कळविले, तेव्हा त्याने उत्तर धाडले की, ही सारी जाहिरातबाजी पाहून आपल्याला लाज वाटते. तरुणपणी आपण लोकांपुढे आलो, ते आपल्याविषयी आधीपासून बोलणारे कोणी नसताना आलो, आणि ते दिवस आपल्याला अधिक आवडतात.

ह्या "आयदा"चीच एक मजेदार हकीकत आहे. १८७२ साली पार्मा शहरी तिचे प्रयोग झाले. शेजारच्या रेज्जो शहरातील बेर्तानी नावाचा एक तरुण तो पाहायला गेला. त्याला ऑपेरा आवडला नाही. परंतु जो तो वाखाणणी करतो आहे हे पाहून, आपलेच काही चुकले असावे, असे समजून तो दुसऱ्यांदा गेला. तरीही आवडला नाही! मग त्याने सरळ वेर्दीला पत्र लिहिले आणि हिशोब मांडला: जाताना आगगाडीचे भाडे २.६० लिरा, येतानाचे ३.३०, नाटकाचे तिकीट ८, आणि स्थानकावरचे अत्यंत वाईट जेवण २, एकूण १५.९०, आणि दोन खेपांचे मिळून ३१.८० लिरा. हे पैसे आपल्याला परत मिळावेत.

जगाने गौरविलेल्या संगीतकाराने हे पत्र केराच्या टोपलीत टाकले असते, तर कोणी त्याला नावे ठेवली नसती. वेर्दीने ते आपल्या प्रकाशकाकडे पाठविले आणि कळविले की, ह्या गृहस्थाला २७.८० लिरा द्यावेत. जेवणाचे ४ लिरा मात्र देऊ नयेत, कारण तो आपल्या घरीही जेवू शकला असता! शिवाय त्याच्याकडून पावती घ्यावी, आणि आपला नवा ऑपेरा पाहायला तो पुन्हा जाणार नाही, असे त्यात लिहून घ्यावे. पैसे दिले गेले, पावती आली, आणि वेर्दीच्या इच्छेवरून हा सारा पत्रव्यवहार वृत्तपत्रांत छापला गेला. आपल्यावर रुसलेल्या एका प्रेक्षकाचा हिशोब एवढ्या गंभीरपणे तपासून त्यातून जेवण वजा करणारा माणूस किती स्वस्थ चित्ताचा असला पाहिजे!

ह्याचा अर्थ वेर्दी सर्वांशी गोड वागे असा मात्र नाही. तो तुसडा होता, हट्टी होता. लोक त्याला "बुसेतोचे अस्वल" म्हणत. बुसेतोच्या लोकांनी त्याच्या नावाचे नाट्यगृह बांधायचे ठरविले. ते त्याला अनावश्यक खर्चाचे वाटले. त्याने दहा हजार लिरांची देणगी दिली, परंतु १८६८ साली उघडलेल्या त्या नाट्यगृहात त्याने पुढे कधी पाऊल टाकले नाही. वेर्दी ह्या शब्दाचा अर्थ हिरवा. म्हणून उद्घाटनाच्या रात्री सगळे गावकरी हिरवे कपडे घालून आले होते. आणि ज्याच्यासाठी हे सारे, तो त्या दिवशी गावातच नव्हता! त्या भाबड्या गावकऱ्यांची येथे कीव येते. मान नाकारण्यातही माणूस कधी कधी कठोर होतो.

हाच हट्ट तो मोठ्यांशीही धरी. "ऑथेल्लो"वरचा त्याचा ऑपेरा १८८७ साली आला, तेव्हा तो त्र्याहत्तर वर्षांचा होता. लोकांनी त्याच्या गाडीचे घोडे सोडून गाडी स्वतः ओढत नेली. १८९३ साली "फाल्स्ताफ" आला. हा विनोदी ऑपेरा! सव्विसाव्या वर्षी विनोदी ऑपेरा लिहून शिट्ट्या खाल्लेल्या माणसाने पुन्हा विनोदाला हात घातला तो ऐंशीच्या उंबरठ्यावर, आणि ह्या वेळी सारे नाट्यगृह आनंदाने भरून गेले. राजा आता त्याला "बुसेतोचा मार्क्विस" करणार, अशी बातमी उठली. वेर्दीने तातडीने मंत्र्याला तार करून, कृपा करून हे होऊ देऊ नये, अशी विनंती केली. पुढे मिलानच्या त्याच संगीत विद्यालयाला वेर्दीचे नाव देण्याचा विचार निघाला. त्यावर म्हातारा म्हणाला, "तरुणपणी त्यांना मी नको होतो, म्हातारपणी मी त्यांना मिळणार नाही."

ह्या वयात त्याचे मन दुसऱ्याच कामात गुंतले होते. सांत'आगाताजवळ व्हिल्लानोव्हा येथे त्याने गरिबांसाठी रुग्णालय बांधले. ते १८८८ साली सुरू झाले. त्यावर आपले नाव असू नये, नुसते "रुग्णालय" एवढेच असावे, असे त्याने सांगितले. परंतु नाव नको म्हणून जबाबदारीही नको, असे त्याचे नव्हते. काही आठवड्यांतच, रुग्णांना जेवण बेताचे मिळते आणि दूध निर्भेळ नसते, अशा तक्रारी त्याच्या कानांवर आल्या. त्याने लगेच खरमरीत पत्र लिहून व्यवस्थापकांना जाब विचारला. पैसे देऊन मोकळे होणारे दाते पुष्कळ असतात. दुधात पाणी आहे की नाही हे पाहणारे थोडे.

आणि मग ते मिलानचे घर. ऑपेराचा सगळा डोलारा ज्यांच्या खांद्यांवर उभा असतो, ते लोक म्हणजे गायक, मेळ्यातील मंडळी, सारंगीसारखी तंतुवाद्ये आणि तुताऱ्या वाजविणारे वादक. वेर्दीने साठ वर्षे ह्यांच्याबरोबर काढली होती. कागदावर लिहिलेले संगीत टिकते. इटलीत १८६५ साली लेखनस्वामित्वाचा कायदा झाल्यापासून तर प्रत्येक प्रयोगामागे रचनाकाराला धन मिळू लागले होते. परंतु गाणाऱ्याचा गळा टिकत नाही. पन्नाशीच्या आसपास आवाज उतरतो, बोटे आखडतात, आणि दुसऱ्या दिवसापासून कमाई बंद. निवृत्तिवेतन नाही, घर नाही. काल ज्यांच्यावर फुले पडत होती, त्यांतील कित्येकांना उद्या अनाथालयाचे दार ठोठवावे लागे. वेर्दीला हे दुरून पाहायची गरज नव्हती. त्याची दुसरी पत्नी जुझेप्पिना स्त्रेप्पोनी ही एके काळची नामांकित गायिका. "नाबुको"च्या पहिल्या प्रयोगात ती नायिकेच्या भूमिकेत होती. लहान वयापासून घर चालविण्यासाठी ती अविश्रांत गात आली होती. त्या श्रमांनी तिचा आवाज इतका खंगला की, तिशीच्या सुमारासच तिला रंगभूमी सोडावी लागली होती.

१८८९ साली वेर्दीने तेव्हाच्या मिलानच्या वेशीबाहेर जमीन घेतली आणि वृद्ध, निर्धन संगीतकारांसाठी घर बांधण्याचे ठरविले. वास्तुशिल्पी होता कामिल्लो बोइतो. त्याच्याच भावाने, आर्रिगोने, वेर्दीच्या शेवटच्या दोन ऑपेरांचे काव्य लिहिले होते. साठ पुरुष आणि चाळीस स्त्रिया अशा शंभर जणांची सोय त्यात योजलेली होती. आराखड्यातील बारीकसारीक गोष्टी वेर्दी स्वतः पाही. "आश्रम" किंवा "अनाथालय" असा शब्द त्याने ह्या वास्तूला लागू दिला नाही. हे विश्रांतीचे घर आहे, आणि येथे राहणारे ते आपले पाहुणे, असे तो म्हणे. एका शिल्पकार मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने सांगितले की, आपल्या सगळ्या कृतींत हे घरच आपल्याला अधिक आवडते. ज्यांना दैवाने साथ दिली नाही, किंवा तरुणपणी ज्यांना पैसा राखून ठेवण्याचा गुण नव्हता, अशा वृद्ध गायकांसाठी ते आहे. आपल्या आयुष्याचे ते गरीब आणि प्रिय सोबती! पै-पैचा हिशोब ठेवणाऱ्या ह्या माणसाने उधळ्यांनाही घरात घेतले, हे येथे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. तुम्ही वेळेवर शिल्लक का टाकली नाही, असा प्रश्न त्या दारात कोणाला विचारला जाणार नव्हता.

१८९९ च्या अखेरीस घर तयार झाले. खोल्या होत्या, स्वयंपाकघर होते. पाहुणे मात्र आले नाहीत. आपण जिवंत असेपर्यंत घर उघडायचे नाही, असे वेर्दीचे सांगणे होते. ते उघडले असते तर म्हातारे गायक-वादक त्याच्यापुढे येऊन हात जोडणार, आभार मानणार, आणि ते त्याला नको होते. ज्यांच्याबरोबर एका पंगतीत उभा राहून काम केले, त्यांना आपल्यापुढे वाकलेले पाहणे त्याला सोसले नसते. तयार घर बंद ठेवल्यामुळे काही गरजूंना वाट पाहावी लागली असेल, असे कोणाच्याही मनात येईल, आणि ते खोटे नाही. वेर्दीच्या हट्टाची ही दुसरी बाजू त्याच्या मोठेपणाबरोबरच पाहिली पाहिजे.

१९०१ च्या जानेवारीत मिलानच्या एका हॉटेलात तो मुक्कामाला असताना त्याला पक्षाघाताचा झटका आला. सहा दिवस तो अंथरुणावर होता. गाड्यांच्या चाकांचा आवाज त्याच्या कानी पडू नये, म्हणून लोकांनी हॉटेलासमोरच्या रस्त्यावर पेंढा अंथरला. २७ जानेवारीच्या पहाटे त्याने प्राण सोडला. आपली अंत्ययात्रा अगदी साधी असावी, पहाटे किंवा तिन्हीसांजेला निघावी, आणि तिच्यात गाणे-वाजविणे नसावे, असे त्याने मृत्युपत्रात लिहिले होते. त्याप्रमाणेच झाले. हजारो लोक रस्त्याच्या कडेला मुकाट उभे राहिले. महिन्याभराने त्याचा व त्याच्या पत्नीचा देह त्या नव्या घराच्या तळघरात कायमचा ठेवण्यासाठी नेला, तेव्हा मात्र शहराला राहवले नाही. सुमारे तीन लाख लोक जमले. आर्तुरो तोस्कानीनी ह्या तरुण संगीत-संचालकाच्या हाताखाली शेकडो गायकांनी "नाबुको"मधील बंदिवानांचे गीत म्हटले.

१० ऑक्टोबर १९०२ रोजी, वेर्दीच्या जन्मदिनी, घर उघडले आणि पहिले पाहुणे आत आले. त्याने आपल्या ऑपेरांचे स्वामित्वधन मृत्युपत्राने ह्या घराच्या नावे केले होते. त्यामुळे पुढे अनेक दशके जगात कोठेही "रिगोलेत्तो" किंवा "आयदा"चा प्रयोग झाला की, त्यातील वाटा मिलानच्या त्या वृद्धांच्या ताटात पडे. ते घर आजही चालू आहे. विसाव्या शतकाच्या शेवटापासून तेथे वृद्धांबरोबर संगीताचे काही तरुण विद्यार्थीही राहू लागले. मिलानच्या ज्या विद्यालयाने वेर्दीला परत पाठविले होते, त्याला त्याच्या मृत्यूनंतर त्याचे नाव देण्यात आले; आणि ह्या घरात उतरणाऱ्या विद्यार्थ्यांत त्या विद्यालयातील मुलेही असतात.